डीएसपी लावला तरी आवाज परत परत फाटतोय? अ‍ॅम्पचा गेन फिरवायच्या आधी हे बघा

इंदूरात रविवारी सकाळी पोहे-जलेबी उरकली की आमच्या दारात कोणाची तरी गाडी येऊन उभी राहते, आणि तक्रार बहुतेक तीच असते. डीएसपी (गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारा डबा) लावला, अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) लावला, दुकानात गेन सेट करून घेतला, पहिले आठ दिवस मस्त वाजलं आणि आता परत फाटतंय. मग तो माणूस परत दुकानात जातो, तिथला पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन गेन थोडा कमी करतो, फाटणं थांबतं पण आवाजही बसतो, म्हणून घरी येऊन हा स्वतःच तो परत वाढवतो, आणि चक्र चालू. मी धंदा करत नाही, नोकरी वेगळी आहे, पण हा एकच बिघाड इतक्या गाड्यांत काढलाय की आता सगळं एकदा नीट लिहूनच ठेवतो.

आधी लक्षणं बघा, कारण सगळ्यांना आपण "आवाज खराब" म्हणतो पण त्यामागची कारणं वेगवेगळी असतात.

ठरावीक व्हॉल्यूमच्या वर गेलं की आवाज फाटतो, गायकाचा "स" टोचायला लागतो आणि बेसचा ठोका फट् फट् असा कोरडा येतो.
किंवा गाणं बंद आहे तरी ट्वीटरमधून (वरच्या बारीक सुरांचा छोटा स्पीकर) सूंऽऽ अशी वाफ निघाल्यासारखी येत राहते.
किंवा इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढते.
किंवा सगळं स्वच्छ आहे पण जोर नाही, व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी मन भरत नाही.
किंवा जोरात वाजवताना अ‍ॅम्प मध्येच बंद पडतो, लाल लाइट लागतो, पाच मिनिटांनी आपोआप चालू होतो.

शिट्टीवाले लोक थेट खाली अर्थवाल्या (ग्राउंडच्या वायरीच्या) भागात जा, गेन फिरवून ती जाणार नाही, फक्त कमी-जास्त होईल. बाकीच्यांनी क्रमानेच चला. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की आधी फुकटातलं, मग दोन-चारशे रुपयांतलं आणि शेवटी हात काळे करायचं.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. मागून येणारा सिग्नल किती व्होल्टचा असला की अ‍ॅम्पने आपली पूर्ण ताकद द्यायची, हे ठरवणारा तो स्क्रू आहे. त्यावर ०.२ व्होल्ट ते ६ व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असतं. ०.२ च्या बाजूला नेलं म्हणजे अगदी बारीक सिग्नलवरही अ‍ॅम्प पूर्ण जोर लावणार, ६ च्या बाजूला म्हणजे भरपूर सिग्नल आला तरच. आणि डीएसपी असला की साखळी लांब होते, फोन किंवा पेन ड्राइव्ह, मग हेड युनिट (डॅशबोर्डवरचा म्युझिक प्लेअर), मग डीएसपीचं इनपुट, आतला इक्वलायझर, डीएसपीचं आउटपुट आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प. आवाज या साखळीत कुठेही फाटू शकतो, आणि मागे फाटलेला आवाज पुढे कोणी शिवून देत नाही. नळाला गढूळ पाणी येत असेल तर बादली बदलून काय होणार?

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. अ‍ॅम्पचे सगळे गेन आत्ता कुठे आहेत त्याचा फोटो काढा, मग सगळे कमीत कमी करा, आणि ज्या व्हॉल्यूमवर फाटत होतं तिथेच तेच गाणं वाजवा. आवाज लहान येईल, पण कान देऊन ऐका. लहान आवाजातसुद्धा ते फाटणं तसंच असेल तर अ‍ॅम्प निर्दोष आहे, गडबड त्याच्या मागे आहे आणि गेनचा स्क्रू आज विसरून जायचा. लहान आवाज स्वच्छ असेल तर मग गेन, वायरिंग किंवा स्पीकर. या एका टेस्टने अर्धं काम होतं, आणि हेच कोणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण मी बघितलेले जळालेले ट्वीटर बहुतेक हे न केल्यामुळेच जळालेले होते.

आता मागून सुरू करू. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण, फोनमधला इक्वलायझर बंद, ते "सराउंड"बिराउंड असेल ते बंद. आमच्या शेजारचे काका महिनाभर हैराण होते, डीएसपी बसवून झाला, सगळं छान, आणि मध्येच एखाद्या दिवशी फाटायचं. मला म्हणाले, "अरे, परत बिघडलं बघ." मी विचारलं, "काका, गाणं कशावरून लावलं होतं?" तर फोनवर ठीक आणि पेन ड्राइव्हवर फाटतं. झालं असं होतं की गाणी ऐकवणारी अ‍ॅप्स सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा लागावा म्हणून मोठ्याने रेकॉर्ड झालेली गाणी खाली आणतात. स्पॉटिफायमध्ये हे नॉर्मल सेटिंगला असतं आणि ते साधारण उणे १४ लफ्सवर (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं माप) आणून ठेवतं. दुकानदाराने कानाने ऐकून गेन त्याच आवाजावर लावला होता, त्यामुळे पेन ड्राइव्हमधलं नवीन जोरकस गाणं आलं की ते तसंच्या तसं, न कमी होता पुढे जायचं आणि अ‍ॅम्प संपायचा. उलट काकांची जुनी नाट्यगीतं मुळातच हळू रेकॉर्ड झालेली, ती कधीच फाटायची नाहीत. म्हणून गेन सेट करताना ते नॉर्मलायझेशन बंद करायचं, आणि शक्यतो पेन ड्राइव्हवर टेस्ट टोनची (एकाच सुराचा सलग आवाज) वेव्ह फाइल टाकून काम करायचं.

मग हेड युनिट. बेस, ट्रेबल शून्यावर, लाउडनेस बंद, बॅलन्स-फेडर मध्यावर. आता त्याचा स्वच्छ व्हॉल्यूम शोधायचा, म्हणजे कुठल्या आकड्यापर्यंत ते स्वतः फाटत नाही. ४० पर्यंत आकडे असतील तर बऱ्याचदा ३० ते ३५ च्या आसपास हद्द येते, पण ती तुमच्या गाडीतच बघावी लागते, दुसऱ्याचा आकडा उपयोगाचा नाही. गेन अजून कमीतकमीवरच आहे ना, तोपर्यंतच एखादं ओळखीचं गाणं लावून हळूहळू वाढवत जा. जिथे खरखर यायला लागेल तिथून दोन-तीन आकडे खाली, ती तुमची वरची रेघ. तो आकडा कागदावर लिहा. कंपनीचं हेड युनिट असेल तर अजून एक खोच आहे, काही गाड्यांत व्हॉल्यूम वाढवला की छोटे स्पीकर वाचावेत म्हणून ते स्वतःच बेस कापायला लागतं. तुम्ही त्यावर डीएसपीत बेस वाढवता, मग कमी व्हॉल्यूमला ढब ढब आणि जास्त व्हॉल्यूमला फाटाफाट. हे गेनने सुटत नाही, वरच्या रेघेच्या व्हॉल्यूमवर ऐकूनच डीएसपीची दुरुस्ती करावी लागते.

अ‍ॅम्पवरची बाकीची बटणं. बेस बूस्ट शून्य. फिल्टरचा स्विच फुल किंवा ऑफवर, कारण क्रॉसओव्हरचं (कोणते सूर कोणत्या स्पीकरला द्यायचे त्या वाटणीचं) काम आता डीएसपी करतोय आणि दोघांनी एकाच ठिकाणी कापलं तर उतार दुप्पट होतो, फेज (लहरींचा ताळमेळ) बिघडते आणि दरवाज्याचे स्पीकर आणि सब (बेसचा मोठा स्पीकर, सबवूफर) यांच्यामध्ये बेसचा खड्डा पडतो. लोक तो खड्डा गेनने भरायला जातात. बेस बूस्ट तर खूपच फसवा आहे, बऱ्याच अ‍ॅम्पवर तो ४५ हर्ट्झच्या आसपास १२ डीबीपर्यंत (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीतला फरक मोजायचं माप) देतो, आणि १२ डीबी म्हणजे त्या जागी सोळा पट वॅट लागणार. कुठून आणणार? डॅशबोर्डखाली सबचा वेगळा रिमोट नॉब असेल तर गेन सेट करताना तो पूर्ण वर ठेवा. अर्ध्यावर ठेवून सेट केलं आणि नंतर घरातल्या पोराने तो पूर्ण फिरवला की झालंच, "आठ दिवसांनी परत फाटतंय"चं हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण आहे.

आता डीएसपी. लॅपटॉप किंवा फोनचं अ‍ॅप जोडा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, इनपुटचा क्लिप लाइट (सिग्नल फाटायला लागला की पेटणारा), वरच्या रेघेच्या व्हॉल्यूमवर तो पेटत असेल तर इनपुटची सेन्सिटिव्हिटी कमी करा, काहींत ती सॉफ्टवेअरमध्ये असते, काहींत डबा उघडून जंपर (आतली छोटी जोडपिन) बदलावा लागतो. विशेषतः स्पीकरच्या वायरवरून हाय लेव्हल सिग्नल घेतला असेल तर तिथे बरेच व्होल्ट येतात. दुसरी, इक्वलायझरमध्ये कुठे कुठे वर केलंय ते. ६ डीबी वर केलं म्हणजे त्या सुरासाठी दुप्पट व्होल्ट, चौपट वॅट. इक्वलायझर वर ओढण्याऐवजी बाकीचं खाली ओढायची सवय लावा, आणि एखाद्या ठिकाणी वर केल्याशिवाय जमतच नसेल तर तेवढेच डीबी त्या चॅनलच्या लेव्हलमधून कमी करून जागा करून ठेवा. तिसरी गोष्ट प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली सेटिंग. मी बघितलेल्या एका गाडीत दुसऱ्या प्रीसेटवर आउटपुट ६ डीबी जास्त होतं, मालकाला पत्ताच नाही, रिमोटचं बटण चुकून दाबलं गेलं की त्या दिवशी फाटायचं. सगळे प्रीसेट उघडून बघा. मास्टर व्हॉल्यूम डीएसपीच्या रिमोटवर असेल तर तोही पूर्ण वर ठेवूनच पुढचं काम करायचं.

इथपर्यंत एक रुपया लागलेला नाही, आणि बरेच जण इथेच बरे होतात.

आता मल्टीमीटर. इंदूरच्या महाराणी रोडला साधा चांगला मिळून जातो. अ‍ॅम्पवर किती व्होल्ट आले पाहिजेत याचा हिशोब असा: वॅट गुणिले ओहम करा आणि त्याचं वर्गमूळ घ्या. ७५ वॅट ४ ओहमवर म्हणजे ३०० चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट. १०० वॅट ४ ओहमवर २० व्होल्ट. ५०० वॅट २ ओहमवर ३१.६, आणि तेच ५०० वॅट १ ओहमवर २२.४. वॅट कोणते धरायचे? अ‍ॅम्पचे आरएमएस (सलग देता किंवा झेलता येणारे खरे वॅट) आणि स्पीकरचे आरएमएस यातले जे कमी असतील ते. खोक्यावरचे मोठ्या अक्षरातले ३००० वॅट अजिबात धरू नका. शंका असेल तर अ‍ॅम्पवरचे फ्यूज बघा, ३० अँपिअरचे दोन म्हणजे ६० गुणिले १३.८ व्होल्ट, ८२८ वॅट बॅटरीतून येणार, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा अ‍ॅम्पचा प्रकार) असेल तर त्यातले साधारण ८० टक्के बाहेर पडणार म्हणजे ६६० च्या आसपास. त्यापेक्षा जास्त देतो असं कोणी म्हणत असेल तर ते वॅट येणार कुठून हे त्यालाच विचारा.

करायचं कसं, तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. ही पायरी टाळू नका, पूर्ण ताकदीचा सलग टोन स्पीकर सहन करत नाही आणि तुमचे कानही नाही. मग इंजिन चालू, गाडी उघड्यावर उभी करून, बंद गॅरेजमध्ये नको. हेड युनिट वरच्या रेघेवर, सबसाठी ५० हर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्या चॅनलच्या दोन टर्मिनलना लावा आणि गेन हळूहळू वाढवत तुमच्या आकड्यावर थांबा. डीएसपीचं आउटपुट ४ किंवा ५ व्होल्टचं असेल तर गेन बराच खालीच राहील, अगदी पहिल्या चतकोरात, त्याने घाबरू नका, तेच चांगलं लक्षण आहे.

दरवाज्याच्या स्पीकरला ५० हर्ट्झ चालत नाही कारण डीएसपीने ८० च्या खाली कापलेलं असतं, मीटर कमी दाखवेल आणि तुम्ही गेन वाढवत बसाल. तिथे २००-३०० हर्ट्झचा टोन घ्या. फार वर जाऊ नका, स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात, १००० हर्ट्झचा टोन लावून चुकीच्या आकड्यावर गेन बसवलेली माणसं मी बघितलीत.

ट्वीटरचं वेगळं आहे. त्याचा क्रॉसओव्हर ३००० हर्ट्झच्या आसपास, तिथे साध्या मीटरने मोजता येत नाही, आणि मोजण्यासाठी फिल्टर काढला आणि नंतर परत लावायला विसरला तर वायर जोडल्या क्षणी ट्वीटर गेला. मी ट्वीटरला आकडा लावतच नाही. गेन अगदी खालून सुरू करायचा, गाणं लावायचं आणि दरवाज्याच्या स्पीकरशी जुळेपर्यंतच वाढवायचा. सूंऽऽ आवाजाचं औषधही यातच आहे, लोक चारही चॅनलचे गेन सारखे ठेवतात आणि मग ट्वीटर टोचतो म्हणून डीएसपीत १०-१२ डीबी खाली आणतात, गाणं खाली येतं पण अ‍ॅम्पचा स्वतःचा सूं तेवढाच राहतो. तेच १० डीबी अ‍ॅम्पच्या गेनमधून कमी केले आणि डीएसपीत शून्याजवळ ठेवलं तर सूंही गाण्याबरोबर खाली येतो.

टोन किती डीबीचा घ्यायचा यावर भांडणं होतात. ० डीबीच्या (फाइलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आवाज) टोनवर सेट केलं तर इक्वलायझर वर न ओढलेल्या सिस्टिममध्ये तुमच्या रेघेपर्यंत अ‍ॅम्प फाटणार नाही, पण हळू रेकॉर्ड केलेली गाणी जरा मवाळ वाटतील. उणे ५ डीबीवर केलं तर जोर मिळेल, पण जोरकस गाण्यांत शिखरं कापली जाऊ शकतात. गाडी घरातले सगळे चालवत असतील तर ० डीबी, एकटेच आणि जाणकार असाल तर उणे ५, माझं असं मत आहे. झालं की गेनच्या खाचेसमोर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी कोणी फिरवला का ते लगेच कळतं.

लक्षात घ्या, मीटर व्होल्ट दाखवतो, फाटलेपण दाखवत नाही. ज्या अ‍ॅम्पला कागदावरचे वॅट जमतच नाहीत तो त्या आकड्याच्या आधीच क्लिप होत असेल. म्हणून वायरी परत जोडल्यावर कानाने खात्री करा, आणि अजूनही फाटत असेल तर करंटकडे वळा.

बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. नवीन काही गाड्यांत अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला मुद्दाम व्होल्ट खाली आणतो, ते चालतं. आता जोरात बेस चालू असताना मीटर डीसीवर घेऊन दोन जागा मोजा. एक, बॅटरीच्या प्लसपासून अ‍ॅम्पच्या प्लसपर्यंत, दोन, बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलपर्यंत. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. त्यापेक्षा जास्त पडत असेल तर वायर बारीक आहे, किंवा तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, किंवा अर्थ रंगावरच कसलाय. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर आणि अ‍ॅम्प सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळलेला, वर कमी व्होल्ट, मग तो गरम होऊन बंद पडला तर त्याचा काय दोष? त्याला चारी बाजूंनी हवा द्या.

अर्थचं काम असं: रंग घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत साफ, वायर आखूड, प्लसच्याच जाडीची, आणि डीएसपी आणि अ‍ॅम्प दोघांचा अर्थ एकाच बोल्टवर. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवायला आहे. शिट्टीची परीक्षा मी इंदूरजवळच्या भेरूघाटाच्या चढावर घेतो, तिथे इंजिनवर लोड येतो आणि लपलेली शिट्टी हमखास बाहेर येते. येत असेल तर सगळं बंद करा, अ‍ॅम्पवरून आरसीए (मागून सिग्नल आणणारी केबल) काढा, परत चालू करा. शिट्टी गेली तर ती मागून येतेय, तशीच राहिली तर अ‍ॅम्पचा अर्थ किंवा प्लस. मागून येत असेल तर हेड युनिटच्या आरसीएची बाहेरची कडी आणि त्याची धातूची बॉडी यांना वायरच्या तुकड्याने जोडून बघा, शिट्टी गेली तर आतला बारीक ग्राउंड फ्यूज उडालाय. तो उडतो बहुतेक सिस्टिम चालू असताना आरसीए काढ-घाल केल्याने, म्हणून वर "सगळं बंद करा" म्हटलंय ते पाळाच.

आता कुठे थांबायचं ते. स्पीकर काढून ठेवलेत तरी अ‍ॅम्पचा लाल लाइट जात नाही, थांबा. आरसीए काढून, काही न वाजवता स्पीकर टर्मिनलवर मीटर डीसीवर एखादा व्होल्ट दाखवतो, थांबा आणि त्यावर स्पीकर जोडू नका, कॉइल जळेल. फ्यूज होल्डर वितळलाय, जळल्याचा वास येतोय, किंवा बॅटरीपासून हातभराच्या आत मुख्य फ्यूजच नाही, तर बॅटरीचा मायनस काढा आणि गाडी चालवत न्यायच्या आधी माणूस बोलवा, कारण ती वायर कुठे घासली तर आग लागते. पिवळ्या कव्हरच्या वायरी एअरबॅगच्या असतात, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या, दोन्हींना हात नाही म्हणजे नाही. गाडी वॉरंटीत असेल आणि कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) वायर कापावी लागणार असेल तरी आधी विचारा.

आणि हे सगळं करूनही फाटत असेल तर ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाकडे जा, तो डीएसपीच्या आउटपुटवर आणि अ‍ॅम्पवर लहर कुठे चपटी होते ते पाच मिनिटांत दाखवतो. स्कोप बॅटरीवर चालणारा आहे ना तेवढं विचारा, कारण बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या मायनसवरही सिग्नल असतो आणि स्कोपची क्लिप अर्थला जोडलेली निघाली तर अ‍ॅम्प जातो. जाताना कागद बरोबर न्या, वरच्या रेघेचा व्हॉल्यूम, कोणता टोन किती डीबीचा, प्रत्येक चॅनलवर किती व्होल्ट आले, बॅटरी आणि अ‍ॅम्पमध्ये किती पडले. हा कागद हातात असला की तो गेनचा स्क्रू फिरवून तुम्हाला परत पाठवणार नाही.